वीतभर सारवण

“...मग घर गेलं कुठं, तात्या?”

कोंडाजीतात्या खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसले होते. त्यांनी तळहातावर तंबाखू मळली, चिमूट दाढेखाली धरली, आणि मग सावकाश म्हणाले, “कुनाचं?”

“कुणाचं म्हणजे? शेट्यांचं! ही पेठ ज्यांनी वसवली त्या शेट्यांचं. जुन्या कागदात स्वच्छ लिहिलंय. चौथरा दगडी, घर दुमजली, दक्षिणेस विहीर. विहीर मिळाली. चौथरा नाही, भिंत नाही, एक फुटकं कौल नाही. एवढं मोठं घर काय हवेत विरघळलं?”

“विरघळतं की.”

“अहो, पण कसं?”

तात्या नुसते हसले. शेवरीचा कापूस हवेतून तरंगत येत होता, त्यातला एक पुंजका खड्ड्यात उतरताना ते बघत राहिले.

विचारणारे होते पुरातत्त्वाचे डॉक्टर सुश्रुत बेहेरे. तीन वर्षं परदेशात शिकून आलेले, बुद्धी लखलखीत, आणि ती लखलखीत आहे हे त्यांना पक्कं ठाऊक. मी वाळिंबे. खोदकामाचे नकाशे काढतो. सव्वीस वर्षं लोकांनी खणलेले खड्डे कागदावर उतरवतोय, त्यामुळे माझी जीभ जरा तिखट झालीय, तेवढं चालवून घ्या.

जागा म्हणजे पेठेतलं मोकळं मैदान. भाजीवाल्यांच्या हातगाड्या तिथं उभ्या राहायच्या. नगरपरिषदेला तिथं तीन मजली मंडई बांधायची होती. पण जुन्या कागदात त्या जागी शेट्यांचं घर असल्याची नोंद, म्हणून आधी तपासणी. आठ दिवस, चार खड्डे, एक अहवाल. ‘खाली काही नाही’ असा अहवाल गेला तर सोमवारी यंत्र येऊन सगळं मैदान दोन पुरुष खोल उपसणार. ‘घर आहे’ असा गेला तर काम थांबणार.

आज आठवा दिवस. संध्याकाळी पाच वाजता नगरपरिषदेचे अभियंता घोलप सही केलेला अहवाल न्यायला येणार होते.

तात्यांना बोलवा, असं मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो. एक्केचाळीस हंगाम खोदकामावर काढलेला माणूस. हातात खुरपी धरली की मोठमोठे प्राध्यापक गप्प बसायचे. पण बेहेरेसाहेब म्हणाले, “जुने मजूर नकोत, वाळिंबे. ते आपल्या मनाचं खणतात.” मी म्हटलं, बरं. माझं काय जातंय!

आठव्या दिवशी सकाळी साहेब स्वतःच म्हणाले, “ते तुमचे तात्या... येतील का हो?”

आले. तीन मैल चालत, हातात पाण्याचा तांब्या घेऊन.

“चला, बघू या,” तात्या उठले.

पहिल्या खड्ड्यात उतरले, चहूकडं बघितलं, म्हणाले, “न्हाई.” दुसऱ्यात उतरले. “न्हाई.” तिसऱ्यात जरा रेंगाळले. मातीचं एक ढेकूळ फोडून हुंगलं.

“हितं गुरं बांधत.”

“कशावरून?”

“आवं, आमी काय जल्मात गोठा बगितला न्हाई?”

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घालून टेप गुंडाळत बसलो.

चौथा खड्डा. दहा फूट बाय दहा, कडा अगदी ओळंब्यात धरलेल्या. खणकाम देखणं होतं, खोटं कशाला बोलू? चढउतार करायला एका कोपऱ्यात मातीच्याच चार पायऱ्या ठेवल्या होत्या. तात्या पहिली पायरी उतरले, दुसरीवर पाय टेकवला... आणि थांबले.

परत वर आले. वहाणा काढल्या. काठावर जोडीनं नीट लावून ठेवल्या. मग अनवाणी दुसऱ्या पायरीवर जाऊन उभे राहिले.

“काय झालं तात्या? खडा टोचला?”

“न्हाई. घरात आलो.”

साहेब मोठ्यांदा हसले. “अहो, ती आमची पायरी आहे! चढायला उतरायला ठेवलीय.”

“व्हय,” तात्या म्हणाले. “तेवढीच ठिवलीत.”

साहेबांचं हसू तिथंच राहिलं.

तात्यांनी तंबाखू थुंकून चूळ भरली. मग तिसऱ्या पायरीवर उतरून बसले, तांब्यातलं पाणी तोंडात घेतलं, आणि दुसऱ्या पायरीच्या उभ्या अंगावर फवारा मारला. फुर्रर्र...

कोरडी, करडी, मेलेली माती. आठ दिवस आम्ही तिच्याशेजारून येजा केली होती. पाणी पडलं आणि तिच्यावर रेघा उमटल्या. काळी, पिवळी, काळी, पिवळी... केसाइतक्या बारीक. एकावर एक, एकावर एक, वीतभर उंचीत किती ते मोजता येईना. मी पेन्सिल पुढं नेली आणि परत घेतली. पेन्सिलचं टोक त्या रेघेपेक्षा जाड होतं.

आणि वास आला. ताज्या सारवणाचा! लहानपणी सकाळी डोळे चोळत ओसरीवर यावं तेव्हा यायचा तो. शेणाचा, ओल्या मातीचा, गार. दीडदोनशे वर्षं कोंडलेला वास असा समोर उभा राहिला, आणि मी उगाचच चष्मा काढून पुसला. मी काही हळवा माणूस नाही. पण पुसला.

ऊन चढलं, पाणी सुकलं. रेघा एकेक करून दिसेनाशा झाल्या. परत नुसती करडी माती.

“पुन्हा...” साहेब कुजबुजले. “तात्या, पुन्हा.”

फुर्रर्र.

“सारवण,” साहेब म्हणाले. आवाज त्यांचा वाटतच नव्हता.

“सारवन. आठवड्याला एक हात, सनासुदीला येगळा. ही पांढरी रेग बगा. दिवाळीची. पांढऱ्या मातीचा हात द्यायच्या आदी, मंग वरनं शेन. ही एक दिवाळी... ही दुसरी... ही तिसरी...”

साहेब गुडघ्यांवर बसले. पँट मातीत मळली तरी शुद्ध नव्हती. बोटानं मोजायला लागले. तात्या फवारा मारत होते, साहेब मोजत होते, मी आकडे टिपून घेत होतो. आम्ही तिघंही हळू बोलत होतो. आतल्या खोलीत कुणी निजलं असावं आणि त्याची झोप मोडू नये, असे. तसं का बोलत होतो कुणास ठाऊक.

एकोणसाठाव्या दिवाळीनंतर साहेबांचं बोट अडखळलं.

“हे काय? इथं रेघ नाही. बोटभर नुसती धूळ आहे.”

तात्या पुढं वाकले. बराच वेळ बघत राहिले.

“कोन न्हवतं घरात.”

“म्हणजे?”

“गेली आसंल मानसं. रोगराई... दुस्काळ... कोन सांगनार? चारपाच वर्सांची धूळ हाय.”

“आणि वर?”

फुर्रर्र. धुळीच्या वर पुन्हा रेघ. पिवळी, मग काळी. मग पिवळी.

“परत आली,” साहेब म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते, आणि ते लपवायचं त्यांना सुचलं नाही. “वाळिंबे, बघताय ना? परत आली हो ती...”

“पण तात्या,” मीच विचारलं, “दगडी चौथरा कुठं गेला?”

“दगड लोक नेत्यात, वाळिंबे. पेठंत फिरा, शंभर घरांच्या पायात सापडंल तुमास्नी. सारवन कोन नेतंय?”

साहेब ताडकन उठले. “सापडलं! घर सापडलं! वीतभर जाडीची जमीन, अशी अख्ख्या राज्यात कुठं...” त्यांनी माझे खांदे धरून मला गदागदा हलवलं. माझा चष्मा पडता पडता वाचला.

तात्या बसूनच होते. म्हणाले, “लई हाय का?”

“काय?”

“जमीन वो. किती सापडली?”

“ही पायरी... आणि...”

साहेब वळले. समोर खड्डा होता. दहा बाय दहा, सहा फूट खोल, स्वच्छ, रिकामा. मग त्यांची नजर वर गेली. मैदानाच्या कडेला उपसलेल्या मातीचा ढीग पडला होता. त्यावर कुणाची तरी शेळी उभी होती.

मी हातातला नकाशा उलगडला.

पहिल्या दिवशी चारही खड्डे एकदम सुरू केले होते, तेव्हाची गोष्ट मला आठवत होती. कुदळीला मातीचे पापुद्रे लागले तेव्हा एक मजूर थबकला होता. साहेब वरून म्हणाले होते, “भर आहे ती. पडझडीची माती. चौथरा खाली असेल, उचला भराभर.” मी नकाशात लिहिलं, ‘थर दुसरा, भर, भुसभुशीत.’ हुकूम त्यांचा होता, पण अक्षर माझं होतं.

खोदकामात याहून मोठी चूक नाही. घर शोधायला जायचं आणि घराची जमीनच उपसून फेकून द्यायची! पहिल्या वर्षाच्या पोरांना पहिल्या दिवशी हेच बजावतात. आणि आमच्या साहेबांचा डॉक्टरेटचा प्रबंध कशावर होता, सांगू? ‘जुन्या घरांच्या मातीच्या जमिनी, त्या ओळखाव्या कशा.’ एरवी मी हसलो असतो. त्या दिवशी हसू आलं नाही.

साहेब तिसऱ्या पायरीवर तात्यांशेजारी येऊन बसले.

“पुढच्या महिन्यात माझी निवड आहे, वाळिंबे. विभागप्रमुखाची. समितीत सगळे माझा प्रबंध वाचलेले.”

“हो.”

“पायरीत जमीन मिळाली असं लिहिलं की पहिला प्रश्न येणार, मग खड्ड्यात का नाही मिळाली?”

“येणार.”

“अर्धं लिहिताच येत नाही हे. एक तर ‘भर’ लिहायचं, नाहीतर...” ते थांबले. मग अगदी हळू म्हणाले, “आपण तिघंच आहोत इथं.”

लाज वाटते सांगायला, पण मी मान डोलावली. माझंही अक्षर होतं ना त्या नकाशात! ‘भर’ तर ‘भर’. सोमवारी यंत्र आलं की पायरीही गेली, खड्डाही गेला. शेजारची न खणलेली जमीन मातीखाली तशीच होती, तीही गेली. मग विचारणार कोण?

तात्यांनी तांब्या जवळ ओढला. तांब्यात डोकावून बघितलं. घोटभर पाणी उरलं होतं.

“जरा पडा, सायेब,” ते म्हणाले. “डोळं तांबारल्यात. किती रात्री जागलात?”

“आता झोपू? पाच वाजता घोलप...”

“पडा म्हंतो ना.”

काय वाटलं कुणास ठाऊक, साहेबांनी बूट काढले. खाली बसल्या बसल्या दुसऱ्या पायरीच्या वरच्या गुळगुळीत पट्टीवर हात ठेवला, हातावर गाल ठेवला, आणि डोळे मिटले.

ऊन मऊ झालं होतं. दूर कुठं हातगाडीचं चाक कुरकुरत होतं, तेही थांबलं. शेवरीचा कापूस येत राहिला, साहेबांच्या केसांवर उतरत राहिला. मला मधेच भांडी घासल्याचा आवाज आला, अगदी जवळून. मान वर केली तर मैदान रिकामं. तात्यांकडं बघितलं. तेही कान देऊन बसले होते.

पावणेपाचाच्या सुमाराला साहेब जागे झाले. जागे झाले म्हणजे डोळे उघडले. उठले नाहीत.

“कुणीतरी म्हणालं...”

“काय म्हनलं?”

“अजून ओलं आहे, पाय देऊ नका.”

“कोन व्हतं?”

“तोंड नाही दिसलं. हात दिसला. कोपरापर्यंत शेणानं भरलेला. मी दारात उभा होतो.”

“मंग?”

साहेबांची नजर काढून ठेवलेल्या बुटांवर गेली. “मी दिला पाय, तात्या. बूट घालून सरळ आत गेलो.”

तात्या त्यांच्या केसांवरचा कापूस वेचायला लागले.

“ती काही बोलली नाही हो... नुसती मागं सरकली.”

आता, मला गोष्ट ताणून धरता येत नाही. शेवटी काय झालं ते आधी सांगून मोकळा होतो.

तो अहवाल नगरपरिषदेच्या फायलीत आहे, कुणीही जाऊन बघावा. त्यात एक वाक्य आहे. ‘चौथ्या खड्ड्यात सारवणाची वीतभर जमीन होती, ती न ओळखता मी खणून टाकली, तीच जमीन शेजारी मातीखाली शाबूत आहे, ती वाचवावी.’ खाली सही. घोलपांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, “साहेब, असं कुणी लिहितं का?” विभागप्रमुख दुसरेच झाले. पुढच्या संमेलनात दोघातिघांनी तोंडावर रुमाल धरून हसून घेतलं. मंडई वीस फूट मागं सरकली, आणि पुढच्या हंगामात ती जमीन खुरप्यांनी, कुंच्यांनी, तसूतसूनं उघडली गेली. माझ्या जुन्या नकाशातला ‘भर’ हा शब्द मी स्वतः खोडला, आणि खोडल्याची तारीख घातली.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारचं शेवटचं सांगायचं राहिलंच.

पाचाला दहा मिनिटं होती. साहेब फळीवर कागद लावून बसले होते. दोन शब्द लिहिले, खोडले. पुन्हा लिहिले, पुन्हा खोडले. कपाळावर घाम. रस्त्यावर घोलपांच्या मोटारसायकलचा आवाज आला, आणि साहेबांनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं.

“तात्या...”

“बोला.”

“असलं काही लिहायला मला येत नाही हो. पंधरा वर्षं अहवाल लिहितोय. मी चुकलो, असं कधी लिहिलेलंच नाही. कुठून सुरुवात करतात तेसुद्धा कळत नाही.”

तात्यांनी तांब्या तोंडाला लावला. उरलेला घोट तोंडात घेतला. पायरीच्या अगदी तळाशी, सगळ्यात खालच्या रेघेशी वाकले, आणि फवारा मारला. फुर्रर्र...

आम्ही वाकून बघितलं. वरच्या हजारो रेघा सरळ, एकसारख्या. ही तशी नव्हती. एका जागी गोळा बसलेला, एका जागी मातीच उघडी राहिलेली. बोटांचे फराटे कुठल्या कुठं गेलेले.

तात्यांनी त्या रेघेजवळ बोट नेलं, टेकवलं नाही.

“ही पैली,” ते म्हणाले. “हिला तरी कुठं येत हुतं?”